जाळं सशाला, अडकतो आपण



या वेळी थोडं कडू लिहितोय. वनखात्याला सुनवायचं आहेच, पण आधी आपल्या माणसांना.

भात निघालं की ओलीच्या तुकड्यात आपण हरभरा टाकतो. कोवळा पाला दिसला की रात्री ससा येतो. सकाळी बघावं तर शेंडेच गायब. मग माणूस बाजारातून नायलॉनचं जाळं आणतो आणि बांधाला खुंट्या ठोकून लावतो. पोटासाठीच लावतो, मला कळतं.

माझ्या काकाने गेल्या माघात असंच लावलं. सकाळी जाळ्यात ससा नव्हता, पण बांधावर वनरक्षक उभा होता. म्हणाला, "केस करू, का प्लॉटचा दावा सोडतो म्हणून अंगठा देतोस?" काका शाळेत गेलेला नाही. घाबरला. कोऱ्या कागदावर अंगठा दिला. जाळं गेलं, कागद गेला. आजोबांपासून कसलेली जमीन त्या अंगठ्याखाली अडकली. ससा मात्र हरभरा खातोच आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा मेला तरच शिकार असं नाही. जाळं लावलं, हाकलून जाळ्यात घालायला बघितलं, तरी ती शिकारच. प्लॉट असो की सातबाऱ्याची जमीन, फरक नाही. सशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि जाळ्याला काय कळतं ससा कोण नि घोरपड कोण? घोरपड, मोर पहिल्या यादीत आहेत. ते अडकले तर शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, सातपर्यंत जाते.

काही जण म्हणतील, पारध तर बापजाद्यांची, आम्हाला कोण अडवणार? खरं आहे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने जमीन दिली, मोह, डिंक, तेंदूपानावर हक्क दिला, आणि शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवला. मला हे पटत नाही. १९९१ पर्यंत याच वन्यजीव कायद्यात छोट्या शिकारीचा परवाना मिळायचा. तो काढला कोणी? बंदूकवाल्यांनी. आपल्या पाड्यात कोणाकडे होता तो? हा अन्याय आहेच. पण त्यावर भांडायचं तर उजेडात, ग्रामसभेत भांडू. रात्री गुपचूप जाळं लावून ते भांडण होत नाही.

आणि खरं सांगा, ही बापजाद्यांचीच पारध आहे का? तेव्हा सगळा पाडा जायचा. मटणाचे सारखे वाटे पडायचे, एकट्या म्हातारीच्या दारातही वाटा जायचा. आता जाळं एकट्याचं. ससा जातो हायवेच्या ढाब्यावर. ढाबेवाला म्हणतो, "उद्या अजून दोन आण." धाड पडली की त्याचं नाव कोण घेत नाही. कैद आपल्याला, कमाई त्याला. सावकाराचं आणि आपलं असंच चालायचं ना?

आता साहेबांना विचारतो. रानडुकराने नागली लोळवली तेव्हा आम्ही भरपाई मागायला आलो. तुम्ही म्हणालात, "अतिक्रमणाला भरपाई नाही." मग जाळं सापडलं की तोच प्लॉट आमचा कसा होतो? पीक गेलं तेव्हा जमीन सरकारची आणि केस करायची तेव्हा आमची? याच कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलंय की जनावर उभ्या पिकाला धोका झालं तर वरचा अधिकारी लेखी हुकूम देऊ शकतो. हे आम्हाला आजपर्यंत एकाही गार्डाने सांगितलं नाही. अंगठा कुठे लावायचा तेवढं बरोबर सांगतात.

एक गोष्ट गाठ मारून ठेवा. सशाच्या केसने वनहक्काचा दावा रद्द होतो असं कायद्यात कुठेही नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसत आलोय, ते महत्त्वाचं. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणी हुसकावू शकत नाही. आणि दावा सोडवून घ्यायचा अधिकार वनरक्षकाला अजिबात नाही. माझ्या काकाचा कागद धमकीने घेतला, असा ठराव आमच्या ग्रामसभेत आणतोय.

येत्या ग्रामसभेत आपण सगळ्यांनी हे करायचं:

१. नायलॉनची जाळी काढायची. ढाब्याला ससा विकणाऱ्याला पाड्यानेच जाब विचारायचा.

२. पिकाला काट्यांची दाट वई घालायची, खाली फट ठेवायची नाही. राखणीच्या पाळ्या लावायच्या.

३. पीक खाल्लं की पंचनाम्याचा लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. कलम ११ खाली हुकूमही लेखीच मागायचा.

४. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. आधी वाचून दाखवा म्हणायचं, चार माणसं बोलवायची.

जंगल राखायचा अधिकार नव्या कायद्याने ग्रामसभेला दिलाय. मग आपल्या रानात ससा राहील का नाही, ते आपण ठरवू. गार्ड नाही आणि ढाबेवालाही नाही.

ज्याच्या घरात जाळं आहे त्याने हे पान दोनदा वाचून घ्यावं. राग आला तर ग्रामसभेत येऊन मला बोलावं. मी तिथेच असेन.