पसंतीक्रमाच्या रकान्यात काय लिहायचं?

परवा दिवेलागणीच्या वेळी माझी एक जुनी विद्यार्थिनी लेकीला घेऊन घरी आली. आमच्या पाथर्डीत निवृत्त शिक्षिकेच्या घरी असं कुणी ना कुणी येतच असतं. कुणाला अर्ज वाचून हवा असतो, कुणाला दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायचं असतं. या मायलेकींचं काम मात्र वेगळंच निघालं. लेक नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नौदलात अधिकारी व्हायचं म्हणून तिनं शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अर्ज भरायला घेतलेला, आणि सगळं घोडं एका रकान्यात अडलेलं. कोणती शाखा हवी, त्याचा पसंतीक्रम लिहायचा होता.

"बाई, तुम्हीच सांगा हिला," आई म्हणाली. "लॉजिस्टिक्स लिही म्हणतेय मी. हिशेबाचं, सामानसुमानाचं काम. हिला एक्झिक्युटिव्ह पाहिजे. जहाजावर! महिनोन् महिने पाण्यात. मुलीच्या जातीला झेपतं का ते?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "तुम्हीच नाही का मला सांगितलं होतं, पोरीनं झेपेल ते घ्यावं म्हणून?"

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हो, मीच सांगितलं होतं. १९९६ साली ही मुलगी दहावीला गणितात १५० पैकी १४० च्या वर गुण घेऊन आली होती. वडील विचारायला आले. मी म्हटलं, सायन्सला घालून काय करता, कला शाखेला घाला, नंतर डी.एड. होईल, गावातल्या गावात नोकरी मिळेल. मनात वाईट काही नव्हतं. पण त्या सगळ्या बोलण्यात मी तिला एकदाही विचारलं नाही, की बाई गं, तुला काय आवडतं? आज ती चांगली शिक्षिका आहे, त्याचा अभिमानच आहे मला. पण माझं तेच वाक्य आता तिच्या तोंडून तिच्या लेकीला ऐकवलं जात होतं.

मैत्रिणींनो, म्हणून आज हा विषय. नौदलात जायचं एवढं ठरवून भागत नाही. कोणत्या शाखेत जायचं यावर पुढची सगळी वाट ठरते. एक्झिक्युटिव्ह म्हणजे जहाज चालवणं, दिशा ठरवणं, शस्त्रं सांभाळणं. इंजिनिअरिंगकडे जहाजाची इंजिनं, तर इलेक्ट्रिकलकडे वीज, रडार आणि संदेशयंत्रणा. लॉजिस्टिक्सकडे रसद, सुटे भाग, पैशाअडक्याचा हिशेब. वैमानिक विमान चालवतो, तर ऑब्झर्व्हर त्याच विमानात बसून समुद्रावरची आणि पाण्याखालची हालचाल टिपतो, मोहीम आखतो. शिवाय हवाई वाहतूक नियंत्रण, कायदा, शिक्षण, जहाजांचं आरेखन, दारूगोळ्याची तपासणी अशाही वाटा आहेत. युद्धनौकेची मुख्य अधिकारी व्हायचं असेल तर मात्र एक्झिक्युटिव्हच लागते. म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी त्या रकान्यात जे लिहायचं, त्यावर पुढे मिळणारी खुर्ची ठरते.

गंमत म्हणजे आईला जी शाखा घरच्यासारखी वाटत होती, त्या लॉजिस्टिक्सचे अधिकारीसुद्धा जहाजावर असतात. जहाजावरच्या माणसांना जेवायला नको का? 'मुलीला सोपं' म्हणून आपण जे ठरवतो, ते पुष्कळदा माहिती नसताना ठरवतो.

अर्थात हे ठरवणं फक्त आपल्या घरात झालं असं नाही, सरकारनंही तेच केलं. डॉक्टर महिला आधीपासून होत्या, पण इतर महिला अधिकाऱ्यांना नौदलाचं दार उघडलं ते १९९२ मध्ये, आणि तेही शिक्षण, लॉजिस्टिक्स आणि कायदा या शाखांपुरतंच. नोकरीही मुदतीची, फार तर चौदा वर्षांची. पेन्शनला वीस वर्षं लागतात, म्हणजे ऐन उमेदीत रिकाम्या हातानं घरी. यातल्या काहीजणी कोर्टात गेल्या. ॲनी नागराजा आणि इतरांच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १७ मार्च २०२० रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी महिलांचा कायम कमिशनचा हक्क मान्य केला. समुद्रावरचं काम बायकांना जमणार नाही, हा समजही त्यांनी खोडून काढला. सरकारच्या बाजूनं एक मुद्दा असाही होता, की रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. न्यायालयानं तोही मानला नाही.

हे मी त्या माउलीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग मी तिला विचारलं, दसरा झाला की आपल्या तालुक्यातून टोळ्या ऊसतोडीला जातात, त्यात बाया नसतात का? नवऱ्याच्या बरोबरीनं कोयता चालवायचा, पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये भरायच्या, कोपीत लेकरं सांभाळायची. पाच-सहा महिने घराबाहेर. तिथे कुठलं आलंय स्वच्छतागृह? मुकादमाकडून उचल घेताना कुणी विचारतं का, बाईच्या जातीला हे झेपेल का म्हणून? कष्ट करायचे असले की बाई चालते. झेपण्याचा प्रश्न निघतो तो तिच्या हातात अधिकार येणार असला की.

माझ्या ओळखीच्या मुलींना मी हल्ली एक नाव आवर्जून सांगते, मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांचं. त्या २००९ मध्ये नौदलात आल्या. जहाजावरची नेमणूक तेव्हा महिलांना मिळत नव्हती. त्यांनी ऑब्झर्व्हरची शाखा घेतली, टीयू-१४२ या सागरी टेहळणी विमानावरच्या पहिल्या महिला ऑब्झर्व्हर झाल्या. पुढे जहाजाचं दार उघडलं तेव्हा त्या 'आयएनएस चेन्नई'वर गेल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'आयएनएस त्रिंकट'चं नेतृत्व त्यांच्याकडे आल्याचं जाहीर झालं. भारतीय युद्धनौकेची सूत्रं हाती घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. सांगायचं एवढंच, की मनातली वाट बंद असेल तर तिच्या सगळ्यात जवळची वाट धरावी, दार उघडेल तेव्हा आपण तयार असतो. आणि दारं उघडतातच. २०१९ मध्ये शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. जुलै २०२५ मध्ये आस्था पूनिया यांची लढाऊ विमानांसाठी निवड झाली. गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीजणी मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या.

पण म्हणून प्रत्येकीनं समुद्रच निवडावा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. जिला कायद्याची आवड आहे तिनं कायदा घ्यावा, शिकवायची आवड आहे तिनं शिक्षण शाखा घ्यावी. ती कामं काही कमी नाहीत. आवडीनं घेतलेली शाखा आणि भीतीनं घेतलेली शाखा यात फरक आहे, एवढंच. डोळ्यांची, रंग ओळखण्याची तपासणी असते, काही शाखांना ती कडक असते. ती अट शरीराची, ती मानायलाच हवी. 'लोक काय म्हणतील' ही अट मात्र जाहिरातीत कुठेही छापलेली नसते.

आईची काळजी खोटी नाही, हेही सांगते. बदल्या होणार, लग्न जमवताना प्रश्न येणार, समुद्रावर असताना घरचा फोन लागेलच असं नाही. मुलीनं हे डोळे उघडे ठेवून मान्य करायला हवं. पोहता येत नाही ही भीतीही आईनं बोलून दाखवली. आमच्याकडे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोरगे उड्या मारायचे, पोरी काठावर धुणं धुवायच्या. पोहणं तिथं प्रशिक्षणात शिकवतात म्हटल्यावर लेकीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

ज्यांच्या मुली आत्ता दहावीत आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. पहिला पसंतीक्रम अकरावीच्या प्रवेशालाच लिहिला जातो. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडलं तर एनडीएतून नौदलात जाण्याची आणि जेईईच्या गुणांवरून एझिमलाच्या अकादमीत बी.टेक.ला जाण्याची, अशा दोन्ही वाटा बंद होतात. खडकवासल्याची एनडीए १९५५ पासून आपल्या पुण्याजवळ आहे, पण तिथे मुलींची पहिली तुकडी गेली २०२२ मध्ये. त्यातल्या सतरा जणी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या. तयारीसाठी नाशिकला मुलींची सरकारी संस्था २०२३ मध्ये सुरू झाली आहे. पदवीनंतर जाणाऱ्यांनी नौदलाची जाहिरात स्वतः वाचावी, कोणत्या शाखेला कोणती पदवी आणि वय लागतं ते पाहावं. अटी बदलत असतात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

चहा संपला. मी त्या मुलीला, एकोणतीस वर्षं उशिरा का होईना, तो प्रश्न विचारला. "तुला काय आवडतं?" ती म्हणाली, "बाई, कॉलेजच्या सहलीत मी एकदाच समुद्र पाहिला. जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत बसले होते. ते कुठं जात असेल हे मला माहीत करून घ्यायचं होतं."

आईनं पेन उचलून लेकीच्या हातात दिलं. "लिही," म्हणाली, "पहिलं तुझं. दुसऱ्या नंबरला माझं लॉजिस्टिक्स लिही." आता निवड होईल, न होईल. पाच दिवसांची एसएसबीची मुलाखत आहे, वैद्यकीय तपासणी आहे. पण रकाना तिचा तिनं भरलाय. तुमच्या घरात असा अर्ज आला, तर सल्ला देण्याआधी तो एक प्रश्न तेवढा विचारा. मी विचारला नव्हता.