टर्बो गेला, की नळी फाटली?



आपल्या घरांतील कितीतरी माणसे आज गाडी चालवून संसार चालवतात. कुणी कंपनीच्या कामगारांची ने-आण करतो, कुणी शाळेची मुले पोहोचवतो, कुणी लग्नसराईत भाडी मारतो. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. हप्ता मात्र बंद होत नाही. म्हणून या वेळी गाडीच्या एका दुखण्याविषयी लिहितो.

माझा एक पुतण्या कल्याणला राहतो. जुनी डिझेल गाडी घेऊन तो नाशिकची भाडी मारतो. एके दिवशी कसारा घाटात गाडी ओढेना. ॲक्सिलेटर दाबला की मागून काळा धूर आणि बॉनेटखालून फुस्स असा आवाज. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवली. तिथे बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल मिळाला, "टर्बो गेला, नवीन टाकावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून तो संध्याकाळी माझ्याकडे आला. "काका, सोसायटीतून कर्ज काढतो, दुसरा इलाज नाही." मी विचारले, "अरे, पण कुणी हवा भरून तपासले का?" तपासले नव्हते. गाडी नुसती बघितली होती.

टर्बो म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाटेत एक छोटे चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरे चाक असते; ते बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळते आणि लहान इंजिनही मोठे ओझे ओढते. आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकुलर नावाच्या जाळीतून थंड करून मग इंजिनात सोडतात. टर्बो ते इंटरकुलर आणि इंटरकुलर ते इंजिन हा रस्ता रबरी होस पाईप आणि क्लिपांनी जोडलेला असतो. दुखणे बहुधा इथेच असते.

रबर उष्णतेने आणि तेलाने फुगते, मऊ पडते. क्लिप सैल होते किंवा रबरात रुतून चीर पाडते. उभ्या गाडीत ही चीर मिटलेली असते. चढावर दाब आला की ती उघडते आणि हवा बाहेर जाते. हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणून काळा धूर, कमी पिकअप आणि घसरलेले ॲव्हरेज. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिथे धूर दिसेलच असे नाही, नुसता दिवा लागतो. दुर्लक्ष केले तर दाब भरून काढण्यासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते आणि चांगला टर्बोही खरोखर जातो.

आता घरची तपासणी. सामान असे: टर्बोच्या हवा ओढणाऱ्या पाईपच्या मापाचे पीव्हीसीचे बंद टोपण, ट्यूबलेस टायरचा एक व्हॉल्व्ह, एक होस क्लिप, दाब दाखवणारा पायपंप आणि भांडी घासायच्या साबणाचे पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली. पाईपचे माप घेऊनच टोपण आणा. टोपणाला मधोमध साडेअकरा मिलिमीटरचे भोक पाडून व्हॉल्व्ह ओढून बसवा.

इंजिन पूर्ण थंड हवे, किल्ली काढलेली हवी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. आधी डोळ्यांनी आणि हातांनी बघा. होस पाईप दाबून, वाकवून पाहा. चीर असेल तर तोंड उघडते. सांध्यापाशी ओलसर तेलाचा काळा डाग दिसला तर तिथून हवा जात असण्याचा संभव आहे.

एवढ्याने सापडले नाही तर एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाईप सोडवा. हवा मोजणारा सेन्सर असेल तर तो फिल्टरच्या बाजूला राहू द्या. त्याच्या पुढचा पाईप घ्या. आत नट, चिंधी, काहीही पडता कामा नये. टर्बोच्या चाकाला खडासुद्धा पुरतो.

पुढची गोष्ट बरेच जण विसरतात. इंजिनाच्या वरच्या झाकणापासून एक ब्रीदर पाईप याच हवेच्या पाईपला येऊन मिळतो. तो सोडवा आणि हवेच्या पाईपवरचे त्याचे तोंड घट्ट बंद करा. ऑइल टाकायचे झाकणही उघडे ठेवा. नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात भरते, डिपस्टिक उडते, ऑइल सील खराब होण्याची भीती असते.

आता टोपण बसवून क्लिप आवळा आणि पंप मारा. आधी ५ पाउंडांवर थांबा आणि कान द्या. मग सावकाश १० पाउंडांपर्यंत न्या, पुढे नाही. कारच्या टायरमध्ये ३० पाउंडांच्या पुढे हवा असते. ही तिचा तिसरा हिस्सा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट कधीही लावू नका. पीव्हीसी पाण्यासाठी बनलेले असते. जास्त हवेने ते फुटून तुकडे उडतात. डोळ्यांवर चष्मा लावा, टोपणासमोर तोंड आणू नका, लहान मुलांना दूर ठेवा.

प्रत्येक सांध्यावर, होसच्या खालच्या बाजूवर आणि इंटरकुलरच्या कडांवर साबणाचे पाणी मारा. वायरी आणि सेन्सर तेवढे वाचवा. बुडबुडे आले ती जागा खडूने खूण करा. ही हवा टायरसारखी टिकून राहत नाही. थोडी हवा पिस्टनच्या रिंगांवरून उतरून ऑइलच्या तोंडाशी येतेच. त्याला घाबरू नका. सायलेन्सरमधून जोरात आवाज आला तर एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतील. अशा वेळी हवा सोडा, टोपण काढा, दगड बाजूला करून, हँडब्रेक सोडून, टॉप गिअरमध्ये सपाट जागी गाडी किंचित ढकला आणि पुन्हा सगळी तयारी करून हवा भरा. तरी आवाज थांबला नाही तर ईजीआर व्हॉल्व्ह मेकॅनिकला दाखवा.

काम झाले की आधी व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडा, मगच टोपण काढा. बंद केलेले तोंड मोकळे करा, ब्रीदर पाईप आणि ऑइलचे झाकण जागेवर लावा. टोपण लावलेले असताना इंजिन चालू करायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पुतण्याच्या दारात रविवारी आम्ही हेच केले. सूनबाई पंप मारत होती, अकरावीतली नात फवारा घेऊन वाकली होती. वरून सगळे कोरडे. तिने घरातला छोटा आरसा आणून इंटरकुलरच्या होसखाली धरला आणि ओरडली, "आजोबा, इथे फेस येतोय!" क्लिपने रबर खालून कापले होते. नवा होस आणि दोन क्लिपा टाकल्या. टर्बोच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नव्हती. पुढच्या भाड्याला गाडी कसारा घाट धूर न सोडता चढली.

फाटक्या होसला ट्यूबचा तुकडा किंवा एम-सील लावून भागवू नका. उष्णतेने ते सुटते आणि तुकडा इंजिनात जातो. होस नवाच टाका.

प्रत्येक वेळी दोष नळीचाच असतो असेही नाही. निळा धूर, पाईपमध्ये साचलेले पुष्कळ ऑइल, हाताने हलवल्यावर खूप खेळणारे चाक, पात्या घासल्याच्या खुणा, ही टर्बो गेल्याची लक्षणे आहेत. पाईपमध्ये तेलाचा पातळ थर मात्र नेहमीचाच. १० पाउंडांवर न उघडणारी चीर जास्त दाबाला उघडू शकते. तेव्हा घरी काही सापडले नाही आणि तक्रार कायम राहिली, तर दाब नियंत्रित करणारे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये जा.

मेकॅनिकही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याच्यावर उगाच संशय घेऊ नये. पण मोठा खर्च सांगितला की नम्रपणे म्हणावे, "दादा, आधी हवा भरून दाखवा, मग टर्बो उघडू." चांगला कारागीर या बोलण्याचा राग मानत नाही. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एवढे एक वाक्य बोलायला विसरू नका.