वाढप्यांतून घडलेले प्रचारक

मराठी ख्रिस्ती माणसे ‘पाचारण’ हा शब्द जपून वापरतात. कुणी धर्मगुरू किंवा पाळक व्हायला निघाला की त्याला देवाचे पाचारण झाले, असे म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, रात्रीत हाक आली आणि आयुष्य पालटले. पण त्या हाकेआधीची काही वर्षे कुणी मोजत नाही. संडे स्कूलचा वर्ग, गायनवृंदाचा सराव, नाताळचा गोठा उभारणे, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणे अशी बिनपगारी कामे आपण फावल्या वेळात गणतो. माझ्या मते पाचारण घडते ते तिथेच, आणि ते खरे की खोटे हेही तिथेच कळते.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट पाहा. रात्री देवाने त्याला नावाने हाक मारली, एवढेच आपल्याला आठवते. पण हा मुलगा आधीपासून शिलोच्या मंदिरात म्हाताऱ्या एलीच्या हाताखाली राबत होता. हाक ऐकून तो धावला तोही एलीकडेच, कारण हाकेसरशी उठायची सवय त्याच कामाने लागली होती. ही हाक कोणाची, हे ओळखले एलीने. आणि सकाळी शमुवेलाने रोजच्यासारखी मंदिराची दारे उघडली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर हे आणखी उघड आहे. यरुशलेमेतल्या ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर झाली, म्हणून पंक्तिसेवेसाठी सात माणसे निवडली गेली. नेमणूक वाढपाची, उपदेशाची नव्हे. त्यांतला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा ठरला आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगत फिरला. अलीकडचे उदाहरण ड्वाइट मूडी यांचे. शिकागोत जोड्यांचा व्यापार करणाऱ्या या तरुणाने १८५८च्या सुमारास गरीब वस्तीतली मुले गोळा करून रविवारची शाळा सुरू केली. दोन-तीन वर्षांत त्या शाळेने त्यांचा व्यापार सोडवला. पुढे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये त्यांच्या सभांना अफाट गर्दी लोटली, पण दीक्षा त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. प्रचारक झालेल्यांकडे मागे वळून पाहिले तर सगळेच कधीतरी स्वयंसेवक असणार. जे हजारो स्वयंसेवक काहीच झाले नाहीत त्यांचे काय? आक्षेप बिनतोड आहे, आणि मला तो हवाच आहे. कॅथलिक धर्मगुरूला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षे शिकावे लागते. तिथून अर्ध्यावर परतणाऱ्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, हे सांगायला नको. संडे स्कूल सोडले तर मात्र कुणाची मान खाली जात नाही. चूक स्वस्तात कळावी अशी ही जागा आहे, म्हणून तिथून बहुतेक जण आपल्या उद्योगाला परत जातात यात तिचे अपयश नाही. वारकऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दिंडीत टाळ धरणारा प्रत्येक जण कीर्तनकार होत नाही, पण कीर्तनकार व्हायचे तर आधी टाळ धरावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे: सेवेच्या नावाखाली चर्च फुकट राबवून घेते. काही ठिकाणी घेतेच. खुर्च्या मांडायला तरुण आणि निर्णय घ्यायला तेच ते ज्येष्ठ, अशी वाटणी असेल तर पाचारण घडत नाही, कंटाळा घडतो. स्त्रियांच्या बाबतीत ही वाटणी फार जुनी. धर्मशिक्षणाचे वर्ग घेण्यापासून सजावटीपर्यंतचा भार त्यांनी वाहिला, पण कॅथलिक चर्चमध्ये वाचक आणि वेदीसेवक या विधिवत सेवापदांची दारे त्यांना पोप फ्रान्सिस यांनी उघडली ती २०२१च्या जानेवारीत. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे सेवापदही स्थापन झाले. गुरुदीक्षा अजून दूरच आहे. तरीही या दोन निर्णयांनी एक गोष्ट कागदावर आली: सामान्य श्रद्धावंताची सेवा ही धर्मगुरूची उसनवारी नव्हे, तिला स्वतःचे पद असू शकते.

म्हणूनच आजन्म सेवा म्हणजे झगा आणि पगार, हे समीकरणही सोडायला हवे. रेव्हरंड ना. वा. टिळक दीक्षित पाळक होते, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये मानाची जागा होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. हयातीची केवळ दोन वर्षे उरली होती. त्या वयात ते पदाकडून बिनपगारी सेवेकडे गेले, आणि त्याला पाचारण म्हणायला कुणी कचरत नाही.

तेव्हा धर्मग्रामांना आणि मंडळ्यांना एवढीच विनंती. येत्या नाताळात गोठा उभारणाऱ्या पोरापोरींच्या हातात खर्चाची वहीही द्या. चुकू द्या. आणि गोठा उतरवून झाला की एखाद्या एलीने त्यांच्याजवळ बसून विचारावे, पुढे काय करायचे मनात आहे?