चढ नसलेला किल्ला

किल्ला म्हटला, की आमच्या घरातली वडीलधारी मंडळी गुडघ्यावर हात ठेवून ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात. त्यांच्यासाठीच मी खर्ड्याचे नाव सुचवतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातला हा निंबाळकरांचा भुईकोट. डोंगर चढणे नाही, की धापा टाकणे नाही. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांपुढे पिछेहाट होताच निजामअलीने याच कोटाचा आसरा घेतला आणि कोंडी झाल्यावर तहाची बोलणी लावली. शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले, ते इथे शेवटचे. ही हकिकत नातवंडांना सांगावी ती आजोबांनीच; तेव्हा त्यांना घरी ठेवू नका. उन्हे कलली, की तटाकडे पाहत बेताबेताने चाला. दम लागला तर खुशाल बसा. निजामही इथेच थांबला होता!