नौदलाची वाट अकरावीतूनच जाते

शिरूर-दौंडकडे भरतीची तयारी म्हटलं की पहाटेचं मैदान आणि रनिंगच डोळ्यांसमोर येतं. दौंडमध्ये तर एसआरपीएफचे कॅम्पच आहेत. पण नौदलात अधिकारी व्हायचं असेल, तर नुसतं पळून भागत नाही.

खडकवासल्याची एनडीए आपल्याच जिल्ह्यात आहे आणि २०२२पासून तिथे मुलीही शिकतात. निवड १८०० गुणांची असते: गणित ३००, सामान्य क्षमता ६००, एसएसबी मुलाखत ९००. नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतंच. दहावीनंतर ‘मॅथ्स नको रे बाबा’ म्हटलं, की हे दार बंद!

मॅथ्सचा एवढा हट्ट का? समुद्रात ना रस्ता, ना मैलाचा दगड. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधारण अक्षांशाचं एक मिनिट. जहाज कुठे आहे, हे अशा हिशोबावरच कळतं. जहाजाला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा दिवा असतो. रात्री आडव्या येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा आपल्या उजवीकडे दिसला, तर वाट आपण द्यायची. ट्रेनिंगमध्ये हे पाठच हवं.

पदवीनंतर सीडीएसमधून एझिमलाच्या नौदल अकादमीत जायचं, तर इंजिनिअरिंगची डिग्री हवी. इतर पदव्यांना मोजक्याच शाखा खुल्या असतात. जाहिरातीतली अट नीट वाचा.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. शाखा एका क्लिकवर ठरते. घरात कुणी दहावीत असेल, तर त्या क्लिकआधीच हे सांगा. नंतर कळून उपयोग नाही.