आधी शिस्त, मग यंत्र

संगणकाच्या प्रशिक्षणवर्गांना हल्ली तोटा नाही. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाल्यापासून कला शाखेतही कौशल्याच्या अभ्यासक्रमांची चर्चा सुरू आहे. अशा अभ्यासक्रमांत ‘बिल्ड ऑटोमेशन’ आणि ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ ही दोन भारदस्त नावे आढळतात. आपल्या महाविद्यालयात असा वर्ग भरवायचा झाल्यास त्याची आखणी कशी असावी, याविषयीचे काही विचार येथे मांडतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत पडावेच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघाने येईलच.

प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्रावर चालेल अशा रूपात आणण्यासाठी अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. त्या साऱ्यांना मिळून ‘बिल्ड’ म्हणतात. त्या हाताने न करता यंत्राकडून करवून घेणे म्हणजे बिल्ड ऑटोमेशन. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी त्यासाठी ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. त्याचे निमित्त मोठे बोलके आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्राममधील चूक दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेला भाग बिल्डमध्ये घ्यायचा राहून गेला आणि नसलेली चूक शोधण्यात त्याची सबंध सकाळ वाया गेली.

कंटिन्युअस इंटिग्रेशन ही त्यापुढची पायरी. एकाच प्रोग्रामचे भाग दहा जण लिहीत असतील, तर प्रत्येकाने आपले काम निदान दिवसातून एकदा सर्वांच्या कामात मिसळावे, यंत्राने ते लगेच जुळवून तपासावे आणि बिघाड निघाल्यास आधी तो दूर करावा. वार्षिकांकाचेच पाहा ना! सगळे लेख शेवटच्या आठवड्यात आले, तर पाने जुळत नाहीत आणि मुद्रिते तपासणारा मेटाकुटीला येतो. तेच लेख वर्षभर येत राहिले आणि आला तो लगेच तपासला गेला, तर अंक सुखाने निघतो.

हयगयीची किंमत किती मोठी असते? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवा प्रोग्राम सुरू केला. आठ सर्व्हरांपैकी एकावर तो चढवायचा राहिला होता. ते काम दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले नव्हते. अवघ्या पाऊण तासात कंपनीला ४४ कोटी डॉलरांहून अधिक फटका बसला. बुद्धिमत्तेची तेथे वाण नव्हती. उणीव होती ती शिस्तीची.

आपले प्रशिक्षणवर्ग मात्र साधनापासून सुरू होतात. कोणते बटण कोठे आहे हे शिकवले जाते आणि प्रमाणपत्र हाती पडते. पण साधने बदलतात. २००१ साली क्रूझकंट्रोल आले. पुढे सन कंपनीत असताना कोहसुके कावागुची यांनी हडसन तयार केले. २०११ मध्ये त्याचे जेन्किन्स झाले. त्यानंतर गिटहब अ‍ॅक्शन्स आले. नोकरीच्या जाहिरातीत साधनांचीच नावे असतात, हे मान्य. परंतु ज्याला मूळ तत्त्व कळले, त्याला नवे साधन आत्मसात करायला फार दिवस लागत नाहीत. नुसती बटणे पाठ केलेल्याला मात्र दर वेळी नवी फी भरावी लागते.

म्हणून माझी सूचना अशी : वर्ग तीस तासांचा असावा आणि पहिल्या दहा तासांत यंत्राचे नावही काढू नये. विद्यार्थ्यांचे गट करून आपल्या तालुक्यातील बोलीचा छोटा शब्दकोश हाती घ्यावा. आधी सर्वांनी वेगवेगळे लिहून शेवटी एकत्र करावे. गोंधळ आपोआप समजेल. मग रोजच्या रोज मिसळण्याचा क्रम लावावा. पुढील दहा तासांत शब्द दोनदा आला का, अर्थ लिहायचा राहिला का, हे तपासणारे आणि कोशाची छपाईयोग्य प्रत काढणारे छोटे प्रोग्राम लिहावेत. शेवटचे दहा तास जेन्किन्सला द्यावेत. ते विनामूल्य आहे आणि महाविद्यालयाच्या साध्या संगणकावरही चालते. परीक्षेत व्याख्या विचारू नयेत. मुद्दाम बिघडवलेला बिल्ड द्यावा आणि तो दुरुस्त करायला सांगावे.

आणि येथेच कला शाखेच्या विद्यार्थ्याचे स्थान आहे. अर्थ लिहायचा राहिला, एवढेच यंत्र सांगेल. लिहिलेला अर्थ बरोबर आहे की नाही, हे सांगायला भाषा जाणणारा माणूसच लागतो. काय तपासायचे हे ठरवणारा अडाणी असेल, तर तपासणी कितीही वेगाने झाली तरी व्यर्थ! असा वर्ग निघालाच, तर तो केवळ विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत कोंडून ठेवू नये. मराठी विभागानेही त्याच्या आखणीत आपला वाटा उचलावा.