भीमेची वाळू परत येणार नाही

"वाळूचं काय एवढं, पुढच्या पुरात परत येते." शिरूर-दौंडच्या टपऱ्यांवर हे रोज ऐकतो. आज स्पष्ट बोलतो, हे खोटं आहे.

आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. टाकळी हाजीचे कुकडीतले रांजणखळगे पाहिलेत ना? तोच दगड. त्यात पाणी मुरतं ते भेगांत आणि मुरमात, तेही बेताचंच. नदीकाठी या कातळावर हजारो वर्षांत गाळ, गोटे आणि वाळू साचली. पाऊस थांबल्यावर पाणी धरून ठेवतो तो हाच थर. काठच्या विहिरी त्याच्यावरच जगतात.

मग नवी वाळू येणार कुठून? भीमेवर चासकमान, घोडवर डिंभे आणि चिंचणी, कुकडीवर येडगाव, मुठेवर खडकवासला. वरची वाळू धरणांच्या पोटात बसते. खाली पुराचं पाणी येतं, पण पूर्वीइतकी वाळू येत नाही. आपण व्याज खात नाही, मुद्दल विकतोय!

लहानपणी नदीत हातभर झिरा उकरून मी पाणी प्यायलोय. आज तिथं पुरुषभर खड्डे आहेत आणि तळाला कातळ उघडा पडलाय.

कारवाई होते, नाही असं नाही. बोटी जिलेटिन लावून उडवतात, फोटो छापून येतात आणि काही दिवसांत दुसरी बोट पाण्यात. 2023 मध्ये सरकारने 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचं जाहीर केलं. गरिबाचं घर स्वस्तात व्हावं, मलाही वाटतं. पण त्या 600 रुपयांत आटलेल्या विहिरीची किंमत कुणी धरली?

घोडकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी पाट काढून बांध घातल्याचं तिथं दिसलं. त्यांच्याकडे जेसीबी नव्हता, पण पाण्याची अक्कल होती.

माझ्या मागण्या दोनच. लिलावाआधी नदीत किती वाळू उरलीय ते मोजा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सरकारी बांधकामं आधी क्रश सँडमध्ये करून दाखवा.

ट्रॅक्टर-डंपर आपल्याच पोरांचे आहेत, माहितीय. म्हणूनच बोलायचं आपणच. पुढच्या ग्रामसभेत मी हे विचारणार आहे. तुम्ही तुमच्या गावात विचारा.